शुकवाक्य आणि कोरी फाइल

संगणकावर लिहिण्यासाठी जी साधने आजवर निर्माण झाली त्यांत सर्वांत निरिच्छ साधन कोणते, असे कोणी विचारले तर मी निःशंकपणे नोटपॅडचे नाव घेईन. १९८३ साली माऊसच्या जोडीने ते प्रथम लोकांपुढे आले, १९८५ च्या नोव्हेंबरात विंडोजच्या पहिल्याच आवृत्तीत त्याला जागा मिळाली, आणि पुढे विंडोजची रूपे कितीही पालटली तरी हा लहानसा टेक्स्ट एडिटर आपल्या अल्पसंतुष्ट वृत्तीनिशी बहुतांशी तसाच राहिला. परिच्छेदांना सजावट नव्हती, मथळ्यांना मोठेपणा नव्हता, चुकलेल्या शब्दाखाली तांबडी रेघ नव्हती. लिहिणाऱ्याने जे अक्षर टंकले ते ठेवायचे आणि मागितले की तेच परत करायचे, एवढेच त्याचे व्रत होते.

ह्या व्रताचा भंग अलीकडे झाला. २०२४ साली त्यात शुद्धलेखनाची तपासणी आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, निवडलेला मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पुन्हा लिहून घेण्याची सोय चाचणीसाठी खुली झाली. २०२५ च्या मार्चात सारांश काढण्याची, आणि मे महिन्यात, पानावर कर्सर ठेवून नुसती सूचना केली असता सबंध मजकूर उत्पन्न करून देण्याची सोय तिला येऊन मिळाली. ह्या बदलाची चर्चा झाली ती प्रायः सोयीगैरसोयीच्या अंगाने, म्हणजे साधन जड होईल काय, खासगीपणा राहील काय, पैसे पडतील काय, अशा प्रश्नांना धरून. हे प्रश्न क्षुल्लक नाहीत; परंतु त्यांच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो धर्माचा आणि दर्शनशास्त्राचा आहे, असे मला वाटते. जे वाक्य उच्चारताना कोणाच्याही मनात काही नव्हते त्या वाक्याला अर्थ असतो काय, आणि असलाच तर ते वाक्य माझे म्हणून पुढे करण्याचा अधिकार मला कोठून प्राप्त होतो, हा तो प्रश्न होय.

साध्या मजकुराच्या फाइलीत काय असते ते एकदा जवळून पाहिले पाहिजे. ‘नमस्कार’ हा शब्द आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ संकेतानुसार जतन केला तर त्यातील न, म, स, हलन्ताचे चिन्ह, क, काना आणि र अशी सात चिन्हे प्रत्येकी ३ बाइट घेतात आणि फाइल बरोबर २१ बाइटांची होते. तिच्यात अक्षराचे वळण नसते, शाईचा रंग नसतो, लिहिणाऱ्याचे नाव नसते. २१ बाइट असतात आणि त्यानंतर काही नसते. जुने नोटपॅड ह्या संकेतात फाइल जतन करताना प्रारंभी आपल्या पदरचे ३ अदृश्य बाइट घालीत असे, आणि त्या तीन बाइटांनी प्रोग्रामरमंडळींना इतके हैराण केले होते की २०१९ पासून ते न घालण्याचा प्रघात ह्या साधनाने स्वीकारला. लेखकाने न लिहिलेले, डोळ्यांना न दिसणारे आणि अर्थाला बाध न आणणारे तीन बाइटदेखील ज्या क्षेत्रात आगंतुक ठरले, त्याच क्षेत्रात आज परिच्छेदच्या परिच्छेद आगंतुकपणे येऊ घातले आहेत.

संरक्षकाने आपले काही घालू नये, हा दंडक आपल्याला नवा नाही. वेदपाठकांनी क्रम, जटा, घन असे पाठ रचले आणि घनपाठात पहिले दुसरे, दुसरे पहिले, पहिले दुसरे तिसरे, उलट तिसरे दुसरे पहिले आणि पुन्हा सुलट, अशा फेऱ्यांनी शब्द असे जखडून टाकले की एका अक्षराची चूकही लपू नये. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत जवळजवळ तीनशे वर्षांत नकलकारांच्या हातून अपपाठ शिरले होते. ते शके १५०६ मध्ये एकनाथांनी निपटून काढले आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये म्हणून कडक इशारा देऊन ठेवला. एकनाथ स्वतः थोर कवी होते, आणि त्यांनी घातलेली ओवी कदाचित कोणाला ओळखूही आली नसती. ती न घालण्यात त्यांचा जो संयम दिसतो त्याला मी त्यांच्या काव्यशक्तीइतकेच मोठे स्थान देतो.

परंतु मजकूर जसाच्या तसा राहिला म्हणजे सर्व साधले असेही नव्हे, आणि येथेच प्रश्नाची खरी गाठ आहे. लिखित जपाचे उदाहरण घ्यावे. अनेक घरांतून वृद्ध माणसे रामनामाच्या वह्या भरताना आपण पाहतो. समर्थांचा त्रयोदशाक्षरी मंत्र पानामागून पान लिहिला जातो आणि वही भरली म्हणजे रामापुढे ठेवली जाते. आता हाच मंत्र नोटपॅडमध्ये एकदा टंकून, त्याची नक्कल करून, ती पुनःपुन्हा चिकटवीत गेल्यास घटकाभरात लाखाची संख्या पुरी करता येते. ही शक्यता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पुष्कळ आधीपासून प्रत्येकाच्या हाताशी होती. एका माणसाने महिनोन्महिने बसून एकेक मंत्र टंकला आणि दुसऱ्याने तो चिकटवला, तर दोन फाइली बाइटाला बाइट जुळतील. जगातील कोणतेही तपासणीयंत्र त्यांत भेद दाखवू शकणार नाही. तरीही एक जप आहे आणि दुसरी जप नाही, हे सांगायला शास्त्री लागत नाही. कोणतीही आजी ते सांगेल. मजकुराचे मोल संपूर्णतः मजकुरात नसते, ही गोष्ट ह्या एका उदाहरणाने निर्विवाद सिद्ध होते. प्रश्न एवढाच उरतो की, जे जपाला लागू आहे ते पत्राला, टिपणाला, कबुलीला, विचाराच्या पहिल्या कच्च्या मसुद्याला कितपत लागू आहे.

आपल्या नैयायिकांनी ह्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाऊन विचार केला होता. वाक्यातून अर्थबोध होण्यास आकांक्षा, योग्यता, सन्निधी आणि तात्पर्य ह्यांचे साहाय्य लागते, असे त्यांचे मत. आणि तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा, अमुक अर्थ ऐकणाऱ्याला कळावा ही त्याची मनीषा. जेवायला बसलेला माणूस ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ आणावे, प्रवासाला निघालेला म्हणाला तर सिंधुदेशीचा घोडा, हे तात्पर्यावरून ठरते. मग पोपट बोलतो तेव्हा काय? पोपटाला इच्छा नाही, तरी त्याचे वाक्य ऐकून आपल्याला बोध होतो. विश्वनाथ पंचाननांच्या सिद्धान्तमुक्तावलीत ह्या शुकवाक्याचा विचार आहे, आणि तेथे दिलेले उत्तर मला फार मार्मिक वाटते: पोपटाचे वाक्य खरे असेल तेथे ईश्वराचे तात्पर्य मानावे, आणि ते खोटे ठरत असेल तेथे ज्याने पोपटाला पढविले त्या शिक्षकाचे. वाक्य अधांतरी लोंबकळत ठेवायला न्यायशास्त्र तयार नाही. तोंड पोपटाचे असले तरी त्यामागे कोणीतरी मनुष्य वा परमेश्वर उभा असलाच पाहिजे, आणि असत्याचा बोजा तर ईश्वरावर टाकता येत नाही, तो पढविणाऱ्यानेच उचलला पाहिजे.

ह्याला वेदान्त्यांनी दिलेले उत्तरही तितकेच विचारार्ह आहे, आणि जे आज यंत्राची बाजू घेतात त्यांना त्याचा आधार घेता येईल. वेदान्तपरिभाषेचे कर्ते धर्मराज अध्वरीन्द्र म्हणतात की, तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा मानूच नये. विशिष्ट बोध उत्पन्न करण्याची वाक्याची जी योग्यता तेच तात्पर्य, कारण अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्याच्या तोंडूनही श्रोत्याला अर्थ कळतोच. हे मला मान्य आहे. यंत्राने लिहिलेले वाक्य निरर्थक असते असा दावा करणे हा दुराग्रह होईल. ते वाचून आपल्याला कळते, कधी कधी फार चांगले कळते. परंतु वाक्य कळणे आणि त्यावर विसंबणे ह्या दोन गोष्टी आहेत. विसंबण्यासाठी नैयायिकांनी आप्ताची अट घातली, आणि वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगताना दोन गोष्टी मागितल्या: त्याने तो विषय साक्षात जाणलेला असावा, आणि जसे जाणले तसे सांगावे ह्या इच्छेने तो बोलत असावा. पुढे तो असेही बजावतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या तिघांनाही सारखेच लागू आहे. ह्या उदारतेचे मला मोठे अगत्य वाटते, कारण तिच्यामुळे यंत्राविषयीचा आपला विचार निव्वळ सोवळेओवळे ठरत नाही. बोलणाऱ्याची जात, कुळ, देश शास्त्राने विचारला नाही. त्याने पाहिले काय आणि सांगण्याची तळमळ आहे काय, एवढेच विचारले. ह्या दोन प्रश्नांना यंत्राजवळ उत्तर नाही. त्याने पावसाची वर्णने असंख्य वाचली असतील, पण पावसात ते भिजलेले नाही. आणि मी सूचना केली म्हणून ते बोलते, सांगितल्यावाचून राहवत नाही म्हणून बोलत नाही.

कोणी म्हणेल की कर्त्यावाचूनचा शब्द ही तर आपल्याकडे परमपूज्य वस्तू. मीमांसकांचा वेद अपौरुषेय आहे आणि कर्ता नाही म्हणूनच तो निर्दोष आहे. मीमांसकांचा युक्तिवाद असा की, शब्दातले दोष वक्त्याकडून येतात. भ्रम, प्रमाद, फसविण्याची इच्छा हे सारे पुरुषाचे धर्म. जेथे पुरुषच नाही तेथे दोषाला शिरायला वाट नाही. हा सिद्धान्त कोणी मानो वा न मानो, यंत्रलिखिताला तो कसा लागत नाही हे स्पष्ट दिसते. यंत्राची वाणी कोट्यवधी माणसांच्या लिखाणावर पोसलेली आहे. त्यांचे भ्रम, त्यांचे प्रमाद, त्यांचे पूर्वग्रह आणि त्यांची खुशामतसुद्धा तिच्यात उतरली आहे. पुरुषांचे सर्व दोष तिने घेतले आणि त्या दोषांचा जाब देणारा पुरुष मात्र मागे ठेवला. पोपट निदान एका घरचा असे, त्याला कोणी पढविले हे आळीला ठाऊक असे.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. दुसऱ्याकडून कर्म करवून घेणे आणि त्याचे फळ स्वतः घेणे हे आपल्या धर्मात सर्वमान्य आहे. यजमान संकल्प करतो, ऋत्विज दक्षिणा घेऊन मंत्र म्हणतात, आहुती देतात, आणि फळ यजमानाचे. मग सूचना हा संकल्प, यंत्र हा ऋत्विज आणि लेख हे फळ, असे का मानू नये? मीमांसासूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात जैमिनींनी ह्याच व्यवस्थेचा विचार केला आहे, आणि तेथील निर्णय सूक्ष्म आहे. यज्ञातली बहुतेक कर्मे दुसऱ्याने केली तरी चालतात. परंतु त्याग, म्हणजे हे द्रव्य आता माझे नव्हे असे म्हणून ते देवतेला देणे, हे यजमानाचे स्वतःचे कर्म आहे, ते भाड्याने करवता येत नाही. तसेच तप, म्हणजे उपवास आणि दीक्षेची इतर कष्टव्रते, तीही यजमानानेच करावयाची. लाकडे दुसऱ्याने आणावी, वेदी दुसऱ्याने रचावी, मंत्रही दुसऱ्याने म्हणावा. पण जेथे काही सोडायचे आहे आणि काही सोसायचे आहे, तेथे प्रतिनिधी नाही. लेखनाच्या बाबतीत मला ह्याहून अधिक उपयोगी पडणारी कसोटी सापडलेली नाही.

ही कसोटी लावली की पुष्कळ लेखन सुखाने मोकळे होते. सातबारावरील नोंद दुरुस्त व्हावी म्हणून तहसील कचेरीत द्यावयाचा अर्ज, बँकेला पत्ता बदलल्याची सूचना, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त ह्यांत लिहिणाराने सोसायचे असे काही नसते. पूर्वी कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस हेच करीत आणि त्यांत कोणाच्या आत्म्याचे काही बिघडले नाही. ज्याची दृष्टी अधू आहे, ज्याचा हात चालत नाही, ज्याला सरकारी भाषेची धास्ती वाटते, त्याला यंत्राने हात दिला तर ते पुण्यच आहे आणि त्याला नाक मुरडणे हा सुशिक्षितांचा उद्दामपणा होईल.

आपल्या दफ्तरी परंपरेने तर ह्या बाबतीत किती सावधगिरी बाळगली होती ते पाहावे. राजा क्वचितच स्वतः लिही; लिहिणारा चिटणीस असे. बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका प्रसिद्ध आहे: शिवाजी महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहावयास सांगितले होते, दिवसभराच्या गर्दीत ते राहून गेले, आणि रात्री वाचण्याची आज्ञा होताच बाळाजींनी कोरा कागद समोर धरून सबंध पत्र अस्खलित वाचून दाखविले. लेखकाने धन्याचे मन किती आत्मसात केले होते ह्याची साक्ष म्हणून ही कथा सांगतात, आणि ती रास्तच आहे. परंतु माझे लक्ष दुसरीकडे जाते. महाराज ऐकत होते. पत्र दुसऱ्याने रचले, पण पसंत त्यांनी केले, शब्द न् शब्द कानांनी तपासून. आणि पत्र पुरे झाले म्हणजे शेवटी मोर्तबाची मुद्रा उठत असे. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर मर्यादेचीच अक्षरे कोरलेली होती, म्हणजे येथे लेखन संपले, ह्यापुढे कोणी काही घालू नये. खासगी दस्तऐवजांत तर कागद कोणाच्या हातचा आहे हे ‘दस्तुर अमुक’ म्हणून खाली नमूद करण्याचा रिवाज होता, आणि धन्याने स्वतः लिहिले तर ‘दस्तुरखुद्द’. मसुदा कोणाचा, हात कोणाचा, आणि कबूल कोण करतो, ही तीन माणसे वेगळी असू शकतात हे त्या व्यवहाराला पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्याने तिघांचीही जागा कागदावर राखून ठेवली.

आता जेथे सोसायचे असते तेथले एक उदाहरण घेऊ. समजा, परगावी राहणारा एक मनुष्य वडिलांच्या निधनानंतर आपल्या थोरल्या बहिणीला पत्र लिहायला बसला आहे, आणि मनातले आधी कोठेतरी उतरवावे म्हणून त्याने साधी फाइल उघडली आहे. तो लिहितो: ‘ताई, बाबा शेवटपर्यंत माझी वाट पाहत होते. मी आलो नाही. यायला हवे होते.’ ह्या ओळी निवडून त्याने पुनर्लेखनाची सोय वापरली आणि औपचारिक सूर मागितला, तर त्याच्यापुढे साधारणतः अशा धाटणीचे काहीतरी येईल: ‘अपरिहार्य परिस्थितीमुळे बाबांच्या अखेरच्या क्षणी मला उपस्थित राहता आले नाही, ह्याची मनाला अत्यंत खंत वाटते.’ वाक्य शुद्ध आहे, वळणदार आहे, कोणत्याही शोकपत्रात शोभेल. पण पहिल्यात ‘मी आलो नाही’ असे होते आणि दुसऱ्यात ‘मला राहता आले नाही’ असे झाले. कर्ता होता तो परिस्थितीचा बळी झाला. वाट पाहणारे बाबा वाक्यातून उठून गेले. आणि ‘यायला हवे होते’ ही जी कबुली त्या माणसाच्या हातून मोठ्या कष्टाने बाहेर पडली होती तिच्या जागी खंत आली, जी वाटते, म्हणजे जी आपोआप येते आणि आपोआप जाते. हे पत्र मिळाल्यावर ताईला भाऊ सापडणार नाही. आणि स्वतः भावालाही, ती ओळ नाहीशी झाल्यामुळे, आपण काय कबूल करणार होतो ते कदाचित पुन्हा सापडणार नाही. एखादा जाणता चिटणीस असता तर लेखणी थांबवून त्याने धन्याच्या तोंडाकडे पाहिले असते.

हा त्यागाचा आणि तपाचा भाग आहे. माणूस लिहिताना स्वतःची सारवासारव सोडतो, सोयीचे शब्द टाकून देतो, नेमका शब्द येईपर्यंत अडून बसतो. त्या अडून बसण्यातच त्याला आपल्या मनात काय आहे ते कळू लागते. ते सारे दुसऱ्याने केले तर लेख होईल, पण यजमानाच्या वाट्याचे कर्म घडलेले नसेल.

‘मग हा आक्षेप सर्वच लेखनसाधनांना लागू आहे, बिचाऱ्या नोटपॅडवरच रोख का?’ असे कोणी विचारील. त्याचे एक कारण वापराचे आहे. मोठ्या वर्ड प्रोसेसरमध्ये मनुष्य लोकांसाठी लिहितो. साध्या एडिटरमध्ये तो बहुधा स्वतःसाठी लिहितो. येथे औषधांच्या वेळा असतात, अर्धवट कविता असतात, पाठवायची की नाही हे न ठरलेली पत्रे असतात. नोटपॅडमध्ये एक जुनी युक्ती आहे: फाइलीच्या पहिल्या ओळीत टिंब देऊन एलओजी ही तीन मोठी रोमन अक्षरे लिहून ठेवली की ती फाइल जेव्हा जेव्हा उघडावी तेव्हा शेवटी त्या वेळची तारीख आणि वेळ आपोआप उमटते. यंत्राने आपणहून घातलेली ही भर मला मुळीच खटकत नाही, कारण ती घड्याळाची साक्ष आहे, ती माझ्या वतीने काही म्हणत नाही. तारखेपुढची जागा ती माझ्यासाठी रिकामी सोडते.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते त्या २१ बाइटांत दडलेले आहे. मोठ्या दस्तऐवजात कोणी काय बदलले, कोणता शब्द कोणाचा, ह्याची नोंद राखण्याची तजवीज असते. तेथे दस्तुराला जागा आहे. साध्या मजकुरात अक्षरांखेरीज काहीच साठवता येत नाही, हेच त्याचे वैभव, आणि त्यामुळेच त्यात शिरलेले परके वाक्य शिरताक्षणी माझ्या वाक्यांत बेमालूम मिसळून जाते. पाच वर्षांनी ती फाइल मीच उघडली तर माझी कबुली कोणती आणि पुरवलेली कोणती हे मलाही सांगता येणार नाही. जेथे हाताची खूण ठेवता येत नाही, तेथे एकच हात असावा, अशी माझी मागणी आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची ही सोय बंद करण्याची कळ नोटपॅडच्या सेटिंगमध्ये ठेवलेली आहे, हे नमूद केले पाहिजे आणि त्याबद्दल कर्त्यांना श्रेय दिले पाहिजे. परंतु नको असणाऱ्याने ती शोधून बंद करावी ह्यापेक्षा, हवी असणाऱ्याने ती मागून घ्यावी हा क्रम न्याय्य होईल. आणि यंत्राने घातलेल्या मजकुराच्या खाली, पुसता येईल अशी का होईना, दस्तुराची एक साधी ओळ त्याच साध्या अक्षरांत आपोआप पडावी. ती ठेवायची की पुसायची हे मग लिहिणाऱ्याने ठरवावे, आणि पुसताना आपण काय करीत आहोत हे त्याला ठाऊक असावे.